बत्तीशीचा उतार

चौकातल्या चष्म्याच्या दुकानात, काउंटरमागच्या पडद्याआड, काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करणाऱ्या बाईला सगळे भिंगरी म्हणत. हे नाव कसं पडलं याबद्दल दोन मतं होती. दुकानाच्या मालकांचं म्हणणं, दिवसभर भिंगांत हात असतात म्हणून भिंगरी. डोंगरावर सायकली घेऊन जाणाऱ्या मंडळींचं म्हणणं, उतारावरून गिरक्या घेत येते म्हणून भिंगरी. तिला स्वतःला दुसरं मत पसंत होतं. पण पगार पहिल्या मताकडून मिळत असल्यामुळे ती त्या वादात पडत नसे.

वय साठीकडे झुकलेलं, केस बारीक कापलेले, पोटऱ्या दगडासारख्या. तिची सायकल लग्नाच्याही आधीची. पोलादी सांगाडा, जांभळा रंग आणि त्यावर पिवळे शिंतोडे, जणू रंगाऱ्याला ऐन वेळी शिंक आली होती. ती घेतली तेव्हा डोंगरात चालवायची सायकल हीच मुळी नवलाई होती. लोक रस्त्यात थांबवून तिचे जाड टायर दाबून बघायचे. पुढे शॉकअप नाही, मागे नाही. गियर बदलायला अंगठ्यापाशी दोन खटके. ब्रेक म्हणजे चाकाची कड दोन्ही बाजूंनी आवळणारे रबरी ठोकळे. कोरड्यात ते किंचाळत आणि ओल्यात मौन पाळत. हँडल अरुंद आणि इतकं पुढे, की चालवणाऱ्याचं नाक पुढच्या चाकाआधी मुक्कामाला पोचायचं.

या सायकलवर भिंगरीचं प्रेम तर होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे त्या सायकलवरून बेतलेलं तिचं एक तत्त्वज्ञान होतं. ते ती कुणालाही ऐकवी. चष्मा न्यायला आलेलं गिऱ्हाईक फ्रेम कानामागे टोचते का बघत असे, तोवर पडद्याआडून आवाज येई, "डोंगर हाताला कळला पाहिजे हो! प्रत्येक दगडाची ओळख झाली पाहिजे. हल्लीची पोरं गाद्यागिरद्यांवर बसून उतरतात. त्यांना काय कळणार, खाली दगड आहे की उशी!"

आणि अशा बाईच्या घरात सून आली तीच मुळी गाद्यागिरद्यांची सायकल घेऊन.

मुलगा जहाजावर इंजिनियर. वर्षातले बरेच महिने पाण्यावर. त्याने लग्न केलं ते जनावरांच्या डॉक्टरणीशी. तिने सासरी येताना दोन पेट्या, एक तीन पायांचं मांजर आणि एक सायकल आणली. भिंगरीने मांजराचं स्वागत केलं. सायकलकडे बघून तिचं तोंड लिंबू चाटल्यासारखं झालं. पुढे शॉकअप, मागे शॉकअप. चाकं एवढी मोठी की बैलगाडीची वाटावीत. हँडल इतकं रुंद की दारातून सरळ आत येईना. तिरकं करून, पाहुण्याच्या सोफ्यासारखं आत घ्यावं लागे. पेडलपाशी दात्यांच्या तीन चकत्या असायच्या तिथे एकच, आणि मागे मात्र ताटाएवढी.

"ही सायकल आहे की पलंग?" भिंगरीने विचारलं.

सूनबाई काही शब्द खाली पडू देणाऱ्यातली नव्हती. जिन्याखालच्या जागेत उभ्या जांभळ्या सायकलकडे तिने बघितलं आणि म्हणाली, "आई, पलंगच म्हणा. पण तुमची ती सायकल नाही, दाताच्या डॉक्टरची जाहिरात आहे."

भिंगरीचा नवरा पोस्टातून निवृत्त झालेला. दिवसभर जेवणाच्या टेबलावर हजार हजार तुकड्यांची चित्रं जुळवत बसे. तो त्या दिवशी आभाळाचा एक निळा तुकडा हातात धरून बराच वेळ हसत होता. त्याला स्वतःला सायकल येत नव्हती. लहानपणी एकदा पडला आणि त्याने तो विषय कायमचा मिटवला. पण त्या दिवसापासून त्या घरात सासू-सुनेचं भांडण म्हणजे सायकलचंच, आणि ते दोघींना इतकं आवडे की रोज चहाबरोबर थोडं थोडं चाले.

आता एक गोष्ट, जी भिंगरीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. शहरामागच्या डोंगरावर, वरच्या पाण्याच्या टाकीपासून खाली येणाऱ्या पायवाटेवर एक ठिकाण आहे, त्याला सायकलवाले बत्तीशी म्हणतात. मोठाले दगड पायऱ्यांसारखे एकाखाली एक पडलेले, मधूनमधून झाडांची मुळं. उतरून खाली पोचलं की जिभेने सगळे दात आहेत ना हे तपासायचं, म्हणून बत्तीशी. भिंगरीने ती उभी हयात सायकलवरून उतरलेली. पण गेल्या काही वर्षांत तिचे हात तक्रार करू लागले होते. दिवसभर काच धरून धरून बोटं आधीच आखडलेली. त्यात त्या उतारावर हँडल असं थरथरे की पुढचे दोन तास बोटांत मुंग्या. दुकानात गेल्यावर बारीक स्क्रू चिमटीत येईना. मग ती काय करी, बत्तीशी आली की मागेपुढे बघे, कुणी नाही अशी खात्री करी, आणि गुपचूप उतरून सायकल हातात धरून चालत खाली जाई. खाली पुन्हा बसे. तत्त्वज्ञानात मात्र काडीचा फरक नाही.

एके दिवशी खालच्या सोप्या उतारावरच तिच्या मागच्या ब्रेकचा एक लोखंडी हात निखळून पडला आणि भिंगरी एका बंगल्याच्या कुंपणात घुसली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. सायकल ढकलत ती मिस्त्रीकडे गेली. या मिस्त्रीनेच ती सायकल तिला विकली होती आणि तेव्हापासून तोच तिची डागडुजी करी.

त्याने ब्रेक बघितला आणि कपाळाला हात लावला. "भिंगरीताई, हा भाग बनवणारी माणसंसुद्धा रिटायर झाली असतील. जुन्या सामानाच्या ढिगात शोधतो. आठवडाभर तरी धरा."

"आठवडाभर मी काय करू?"

"चाला. तब्येतीला बरं असतं."

नेमकी त्याच वेळी सूनबाई गुरांच्या एका कामासाठी लांबच्या गावी गेलेली. तिची सायकल जिन्याखाली उभी होती, आणि भिंगरी रोज तिच्या बाजूने जात-येत होती. दोन दिवस तिने मान फिरवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती नुसती जवळ उभी राहिली. मग सीटवर कोपर टेकलं. मग हँडलच्या डाव्या बाजूला एक छोटासा खटका दिसला. या जागी तिच्या सायकलवर असलं काही नव्हतं. तिने अंगठ्याने दाबला.

सुस्कारा टाकावा तसा आवाज आला आणि सीट कोपरासकट खाली गेली. चहा मांजरावर सांडता सांडता राहिला.

"अहो!" भिंगरी ओरडली. "अहो, इकडे या! मोडली!"

नवरा हातात एक तुकडा घेऊनच आला. त्याने वाकून बघितलं. "सीट खाली गेली वाटतं."

"ते मलाही दिसतंय! वर ओढा!"

दोघांनी मिळून ओढली. सीट हलेना. तिने हँडल धरलं, त्याने सीट धरली, एक दोन तीन म्हणून जोर लावला. सायकलच उचलली गेली, सीट तिथेच. "तिला काय सांगायचं आता?" भिंगरी म्हणाली. "आल्या आल्या म्हणेल, बघा, माझ्या पाठीमागे सूड घेतला." नवऱ्याने हनुवटी सीटजवळ नेऊन खाली कुठे स्क्रू दिसतो का बघायला सुरुवात केली. भिंगरीने काय होईल ते होवो म्हणून तोच खटका पुन्हा दाबला. सीट सटकन वर आली आणि नवऱ्याच्या हनुवटीवर बसली.

"लागलं का हो?"

"जीभ सापडली दातात," नवरा बोबड्या आवाजात म्हणाला. "पण दुरुस्त झाली की गं!"

खटका दाबला की सीट खालीवर होते, उतारावर ती खाली घेऊन अंग मागे झुकवायचं असतं, हे भिंगरीच्या हळूहळू ध्यानात आलं. खालीवर करून बघता बघता तिचा चहा गार झाला. शेवटी ती म्हणाली, "मी जरा बाहेर नेऊन तपासून आणते. खरंच मोडली नाही ना, ते बघायला हवं."

"तपासून ये," नवरा म्हणाला आणि अर्ध्यावर सोडलेल्या आभाळाकडे परत गेला.

फाटकाबाहेर पडल्या पडल्या पहिला धडा मिळाला. समोरून दूधवाला आला म्हणून तिने जुन्या सवयीने चारी बोटांनी ब्रेक आवळले. जुन्या सायकलला एवढं आवळल्यावर ती कुठे थांबायचा विचार सुरू करी. ही जागच्या जागी खिळली, मागचं चाक उठलं, आणि भिंगरी हँडलवर पालथी होऊन दूधवाल्याच्या डोळ्यांत बघू लागली.

"नवी वाटतं?" दूधवाल्याने विचारलं.

"सुनेची आहे. तपासतेय," भिंगरी म्हणाली आणि तिथून पुढे एकेका बोटाने ब्रेक धरला.

चढावर ती सायकल जरा जडच वाटली. पण मागच्या ताटाएवढ्या चकतीवर चेन चढवली की पाय गरगर फिरत आणि सायकल कासवासारखी, पण न थांबता, वर जात राही. टाकीपाशी पोचली तेव्हा भिंगरीला धाप लागायला हवी होती तेवढी लागली नव्हती. मग उतार. सीट खाली. झाडांतून वळणं घेताना त्या रुंद हँडलमुळे प्रत्येक वळण जणू आधी विचारून येत होतं. आणि बघता बघता बत्तीशी समोर आली.

तिने सवयीने मागेपुढे बघितलं. कुणी नव्हतं. पाय खाली टेकायला निघालाही होता. पण पुढचं चाक पहिल्या दगडावरून उतरलं, आणि जिथे हातातून कळ जायची तिथे नुसतं कुणीतरी धप्पकन गादीवर बसावं तसं वाटलं. दुसरा दगड. तिसरा. आता थांबणं जास्त अवघड होतं. एका मुळावरून सायकल चक्क हवेत गेली आणि खाली आली तेव्हाही भिंगरी सायकलवरच होती. खाली सपाटीवर पोचल्यावर ती थांबली आणि मोठमोठ्याने हसायला लागली. झाडावरचे पक्षी उडाले. तिने बोटं उघडून मिटून बघितली. मुंग्या नाहीत. खिशातला रुमाल काढून तिने त्याच्या टोकाची एक बारीक सुरळी केली, सुईच्या नाकाएवढी. झाली.

मग ती पुन्हा वर गेली.

त्या आठवड्यात भिंगरी रोज पहाटे उठून डोंगरावर जाई. परत आल्यावर सायकल धुऊन, पुसून, हँडल जसं होतं तसं डावीकडे वळवून ठेवी. नवऱ्याला तोंडाला कुलूप लावायला सांगितलं होतं. त्याच्या बदल्यात संध्याकाळी तिला त्याच्याबरोबर चित्राच्या कडा जुळवायला बसावं लागे, आणि ती बसे. दुकानात पडद्याआडून भाषणं कमी येऊ लागली, तेव्हा मालकांनी तब्येत बरी आहे ना म्हणून चौकशी केली.

सूनबाई परतली. मिस्त्रीने ब्रेक बसवून दिला. भिंगरी जांभळ्या सायकलवरून डोंगरावर गेली, बत्तीशीपाशी उतरली, चालत खाली आली आणि रस्ताभर तिचं तोंड एवढंसं झालेलं होतं.

त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली. सूनबाईने सूपमध्ये चमचा फिरवत सहज विचारलं, "माझी सायकल कुणी चालवली का?"

भिंगरीने पावाचा तुकडा तोंडात कोंबला, म्हणजे बोलायला नको.

"छे, कुणी नाही," असं नवऱ्याने म्हणायचं ठरलं होतं. पण ऐन वेळी तो गडबडला. "मी," तो म्हणाला.

"बाबा, तुम्ही?"

"हो. म्हणजे, जरा. कोपऱ्यापर्यंत."

सूनबाईने चमचा खाली ठेवला. जनावरांना तपासताना तिचा चेहरा असाच व्हायचा. रुग्ण स्वतःहून काही सांगत नाही याची सवय असलेला. "बाबा, पुढच्या शॉकअपच्या नळीवर एक रबरी छल्ला असतो. शॉकअप जेवढा दबेल तेवढा तो वर सरकतो आणि तिथेच राहतो. मी चालवते तेव्हा तो अर्ध्याच्या थोडा वर जातो. आज बघितला तर अगदी टोकाला. म्हणजे तुम्ही बत्तीशीवरून उडी मारलेली दिसते."

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. बायको पाव चावत होती. "छोटीशीच मारली," तो म्हणाला.

आता मात्र भिंगरीला हसू आवरेना. पाव घशात गेला, ठसका लागला, सूनबाईने पाठीवर थापा मारल्या, नवऱ्याने पाणी आणलं, आणि पाणी पिता पिता तिने सगळं सांगून टाकलं. सीट, दूधवाला, पहाटेच्या फेऱ्या. बत्तीशीवर आपण चालत उतरायचो तेही सांगून टाकलं, आणि सांगताना स्वतःचे हात टेबलावर पसरून ठेवले, जणू दोष त्यांचा होता.

सूनबाईने ते हात उचलून घेतले, उलटेसुलटे केले, बोटांचे सांधे दाबून बघितले. "आई, हे बोलला का नाहीत?"

"काय बोलू? अख्ख्या शहराला सांगत सुटले होते की डोंगर हाताला कळला पाहिजे. आता म्हणू, फारच कळला?"

"उद्या दोघी जाऊ," सूनबाई म्हणाली. "पलंग तुम्ही घ्या. मला ती जाहिरात द्या."

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. डांबरी चढावर सूनबाई त्या जांभळ्या सायकलवर चकित झाली. दबणारं, झुलणारं काहीच नाही, पाय मारला की सायकल पुढे. टाकीपाशी ती भिंगरीच्या बरीच आधी पोचली आणि वरून ओरडली, "आई, ही पळते की!"

"पळते! चढाला तिच्या तोडीचं कुणी नाही!" भिंगरी खालून ओरडली, आणि लेकराचं कौतुक ऐकावं तसा तिचा ऊर भरून आला.

मग उतार लागला. या वेळी भिंगरी पुढे होती. बत्तीशी उतरून ती खाली थांबली आणि वर बघू लागली. सूनबाई पहिल्या दगडावरून आली, दुसऱ्यावरून आली. तिचा चेहरा, हात, गाल, सगळं वेगवेगळ्या दिशांना हलत होतं. ब्रेक किंचाळत होते. मध्यावर तिने पाय टेकला, सायकल आडवी टाकली आणि खाली बसकण मारली.

"आई!" ती ओरडली. "तुम्ही हिच्यावरून हे उतरत होता? सगळं?"

"अगं, तेव्हा दुसरं काही होतं कुठे!"

"माणसं आहात की दगड तुम्ही लोक?" ती तळवे फुंकत होती. मग तिथेच बसून हसायला लागली. "मी तुमच्या या सायकलला कधी नावं ठेवणार नाही. आणि हिच्यावर उतारालाही कधी बसणार नाही."

भिंगरीने मान हलवली. तिला त्या क्षणी बरं वाटलं, ते जिंकल्याचं नव्हतं. इतकी वर्षं ती ज्या दगडांबद्दल बोलत होती ते आज घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक झाले होते, एवढंच.

प्रश्न उरला तो मिस्त्रीचा. भिंगरी त्याच्या दुकानात शिरली, इकडचं तिकडचं बघितलं, आणि म्हणाली, "माझी एक मैत्रीण आहे. तिला एक नव्या तऱ्हेची सायकल हवीय. पुढे-मागे शॉकअपवाली."

"बरं," मिस्त्री म्हणाला. "उंची केवढी मैत्रिणीची?"

"माझ्याएवढीच."

"वजन?"

"तेही तेवढंच."

"स्वभाव?"

"मिस्त्री, सायकल दाखवताय की नाही?"

त्याने हात पुसले. या बाईने त्याच्याच दुकानात उभं राहून त्याच्याच नव्या गिऱ्हाइकांना किती वेळा हुसकावलं होतं, हे त्याला चांगलं आठवत असणार. तरी आत जाऊन त्याने एक वापरलेली, हिरव्या रंगाची सायकल आणली. शॉकअपमध्ये हवा भरायला पंप लावला आणि म्हणाला, "बसा. मैत्रिणीच्या वतीने."

ती बसली. तो हवा कमीजास्त करत राहिला, ती खालीवर दबून बघत राहिली. बराच वेळ गेला. शेजारच्या दुकानातली दोन माणसं दारात येऊन बघून गेली.

जांभळी सायकल सूनबाईने मागून घेतली. दवाखान्यात जायचा रस्ता सगळा चढाचा आहे, तिला ती त्यासाठी हवी होती. आणि येताना उतार असला तरी तो डांबरी होता. तिच्या दवाखान्याबाहेर कुत्र्यामांजरांची माणसं तिला थांबवून जुन्या सायकलचे खटके बघू लागली, आणि कुणीही विचारलं की ती अभिमानाने सांगे, "माझ्या सासूबाईंची आहे. त्या हिच्यावरून बत्तीशी उतरायच्या."

सुट्टीच्या दिवशी मात्र दोघी आपापल्या शॉकअपवाल्या सायकली घेऊन जातात. परवा त्या टाकीच्या पलीकडे गेल्या. त्या बाजूला भिंगरी कधी गेली नव्हती. जुन्या सायकलवर तिकडचा उतार तिला कधी झेपलाच नसता. वाट झाडांतून उतरत गेली, मग गवतातून, मग वाटच संपली आणि पुढे ओढा आला.

"उतरून हातात धरून नेऊ," सूनबाई म्हणाली.

"कशाला? चाकं एवढी मोठी कशासाठी केलीत?" भिंगरी म्हणाली आणि सरळ पाण्यात शिरली. ओढ्याच्या मध्यापर्यंत छान गेली. मग पुढचं चाक एका गुळगुळीत दगडावरून सरकलं आणि ती सायकलसकट कुशीवर पडून गळ्यापर्यंत पाण्यात बसली. पाणी थंडगार होतं. तिची किंकाळी आणि हसणं एकदमच बाहेर पडलं.

सूनबाई काठावर उभी राहून पोट धरून हसत होती. "आई, लागलं का?"

"नाही गं! पण ही सीट खाली होती की वर, तेच कळेना!" भिंगरी पाण्यातून हिरवी सायकल ओढत म्हणाली. मग पलीकडच्या काठावर चढून बुटातलं पाणी ओतत तिने हाक दिली, "ये इकडे! या बाजूने अजून एक वाट दिसतेय, खाली जाणारी!"